शेठ वालचंद हिराचंद : संकल्प आणि सिद्धी

सोलापूरच्या दोशी घराण्यात दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद यांचा जन्म झाला. 'जैन बोधक' सुरू करणारे शेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे वडील. घरी सावकारी व कापसाचा पिढीजात व्यापार होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षण पुरे न होताच ते धंद्यात आले. परंतु पेढीच्या गादीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही.

बांधकामाचे ज्ञान त्यांना नव्हते. म्हणून ते ज्याच्याजवळ आहे असा माणूस त्यांनी जोडला. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. दोघांची भागीदारी झाली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या एका लहानशा टप्प्याच्या कंत्राटाने प्रारंभ झाला. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत ही वाटचाल गेली.

त्यांच्या कार्यपद्धतीचे खरे दर्शन घडते ते १९१९ सालच्या प्रसंगात. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस असल्याचे त्यांना रेल्वेप्रवासात समजले. महायुद्धात तिचा उपयोग रुग्णनौका म्हणून झाला होता. जहाजधंदा त्या काळी सर्वस्वी इंग्रजांच्या मुठीत! तरीही नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन वालचंदांनी व्यवहार पक्का केला. दि. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली व दि. ५ एप्रिल रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघालीसुद्धा. मध्ये अवघे नऊ दिवस. प्रवाशांत स्वतः वालचंदही होते.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिल्यास हा सौदा फायद्याचा ठरला नाही. उतारूंसाठी बांधलेली जुनी बोट मालवाहतुकीस सोयीची नव्हती. त्यातच इंग्रज कंपन्यांनी भाडी उतरवली. भांडवल दांडगे असलेल्या प्रतिस्पर्ध्याने दर पाडले की नव्या दुकानाची काय अवस्था होते, हे व्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. परंतु आपली बोट समुद्रात आहे म्हणूनच आपल्याशी बोलणी होतात, हे वालचंदांनी ओळखले होते. कंपनी विकून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी नाकारला. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. किनाऱ्यावरील मालवाहतुकीत सिंदियाला जागा मिळाली, मात्र वाढीवर मर्यादा आली. करार जाचक होता, तथापि त्यामुळे कंपनी तगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली.

कळंब येथील साखर कारखाना व त्याभोवती वसलेले वालचंदनगर, १९४० चा बंगळूरचा विमान कारखाना, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स हे सारे त्यांच्याच कर्तृत्वाचे फळ. विमान कारखाना मात्र युद्धकाळात सरकारच्या ताब्यात गेला.

जहाजे विकत घेण्यापेक्षा ती येथेच बांधावीत, ही त्यांची जुनी आकांक्षा. कलकत्त्यास मनाजोगी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. दि. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वर्ष पुरे होण्याआधीच, एप्रिल १९४२ मध्ये, त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. काम थांबले, यंत्रसामग्री मुंबईस हलवावी लागली. दुसरा कोणी असता तर योजना गुंडाळून ठेवता. वालचंदांनी पुन्हा जुळवाजुळव केली आणि दि. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आठ हजार टनी 'जलउषा' पाण्यात उतरली.

यानंतर प्रकृतीने साथ दिली नाही. पक्षाघातामुळे १९५० मध्ये ते कामकाजातून निवृत्त झाले. १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. 'लॉयल्टी' मुंबईहून निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.