आमिदचे यंत्रकार : बदीउज्जमाँ अल-जझरी

चिंचपोकळी, लालबाग, परळ या आपल्या परिसरात राहणाऱ्याला हलत्या पुतळ्यांचे नवल सांगावे लागत नाही. गणेशोत्सवात इथे चलचित्रांचे देखावे उभे राहतात आणि मान वळवणारे, हात उगारणारे माणसाएवढे पुतळे पाहण्यासाठी मुंबईभरची माणसे रांगा लावतात. हल्ली विज्ञान प्रदर्शनात सलाम करणारा एखादा यंत्रमानव असला की मुलांची झुंबड तिथेच उडते. अशी प्रदर्शने पाहून आलेले तरुण मशिदीत भेटले की मोबाइलवर फिरणारा एक संदेश अभिमानाने दाखवतात : यंत्रमानवाचा जनक मुसलमान होता. त्यापुढे त्यांना सहसा काही ठाऊक नसते. जनक कोण, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. परंतु त्या माणसाचे काम जाणून घेण्याजोगे आहे, आणि त्यात आपल्या अभिमानाला गैरसोयीचे असेही काही आहे.

त्यांचे नाव इस्माईल, कुनियत अबुल-इज्ज आणि उपाधी बदीउज्जमाँ, म्हणजे युगातील नवल. दजला आणि फुरात या नद्यांमधल्या प्रदेशाला अरब लोक अल-जझीरा म्हणत. तिथले म्हणून ते जझरी. हिजरी ५७० मध्ये, म्हणजे इ.स. ११७४ च्या सुमारास, ते अर्तुकी घराण्याच्या सेवेत आले. हा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचा काळ. ११८३ मध्ये सलाहुद्दीन यांनी दजलेकाठचे आमिद हे शहर जिंकून अर्तुकी अमीर नूरुद्दीन मुहम्मद यांच्या हवाली केले. आज तुर्कस्तानात ते दियारबकर म्हणून ओळखले जाते. अल-जझरींनी आधी नूरुद्दीन यांची, त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र कुतबुद्दीन सुकमान यांची आणि शेवटी दुसरे पुत्र नासिरुद्दीन महमूद यांची चाकरी केली. सेवेला पंचवीस वर्षे झाल्यावर महमूद यांनी त्यांना सांगितले की तुमच्या हातून झालेली ही यंत्रे लिहून ठेवा. हिजरी ६०२ मध्ये, म्हणजे १२०६ च्या प्रारंभी, ग्रंथ पूर्ण झाला. त्यांच्या आयुष्याची जवळजवळ सगळी माहिती आपल्याला या ग्रंथातूनच मिळते.

ग्रंथाचे नाव अल-जामिअ बैनल-इल्मि वल-अमलिन-नाफिअ फी सिनाअतिल-हियल. इल्म आणि उपयुक्त अमल यांना एकत्र आणणारा, यंत्रकलेवरचा ग्रंथ, असा त्याचा अर्थ. नाफे या शब्दापाशी क्षणभर थांबा. जे इल्म उपयोगी पडत नाही त्यापासून अल्लाहची पनाह मागायला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्याला शिकवले आहे. दरबारी कारागिराने आपल्या ग्रंथाच्या कपाळावर हाच शब्द लिहावा, ही त्याने स्वतःला लावलेली मोठी कसोटी होती. आत वर्णिलेल्या पन्नास यंत्रांपैकी किती त्या कसोटीला उतरतात, ते पाहू.

सर्वांत प्रसिद्ध आहे हत्तीचे घड्याळ. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, आणि पाण्यावर बुडाला बारीक भोक असलेले एक पात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी आपल्याकडे जुन्या काळी ठेवत ते घटिकापात्र आठवा. तीच युक्ती, आणि ती हिंदुस्थानातूनच तिकडे गेली असे मानतात. अर्ध्या तासाने पात्र भरून बुडते आणि बुडताना दोरी ओढते. वरच्या मनोऱ्यातून एक गोळा सुटतो, तो ससाण्याच्या चोचीतून अजगराच्या तोंडात पडतो. अजगर भाराने खाली झुकतो, माहूत हत्तीवर घाव घालतो, झांज वाजते. आणि झुकलेला अजगर त्याच भाराने बुडालेले पात्र वर उचलून पुन्हा पाण्यावर ठेवतो. गर्दीला काय आवडते हे या माणसाने नेमके ओळखले होते : बराच वेळ काहीच घडू नये, मग एकाएकी सगळे घडावे, आणि घडवणारे पाणी कुठेच दिसू नये. सुमारे अकरा फूट उंचीच्या त्यांच्या दुसऱ्या घड्याळात तासागणिक दारे उघडत, आणि त्यावर वादकांचा एक ताफाही होता. ऋतूप्रमाणे दिवस लहानमोठा होतो, त्यानुसार तासाची लांबी बदलण्याची सोय त्यात होती. नमाजांच्या वेळा सूर्यावरून ठरवणाऱ्या समाजात या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता वादकांची नौका. मोबाइलवरच्या संदेशात बहुधा हिचेच चित्र असते. हौदात तरंगणाऱ्या नौकेत लाकडी वादक बसलेले. ठरावीक वेळाने आतले पाणी एका चाकावर ओतले जाते, चाकाचा दांडा फिरतो आणि दांड्यावरच्या खुंट्या वादकांच्या हातांच्या पट्ट्या दाबतात; पाण्याने रेटलेली हवा बासरीतून निघते. गिरण्यांच्या साळखात्यात ज्यांनी माग चालवले त्या बुजुर्गांना हे लगेच उमगेल, कारण फिरत्या दांड्यावरचा उंचवटा पट्टी दाबतो आणि सूत वर उचलले जाते, हेच तत्त्व तिथेही होते. खुंट्यांच्या जागा बदलल्या की ताल बदलता येतो, म्हणून आजचे काही अभ्यासक हिला आज्ञावली बदलता येणारे आद्य यंत्र मानतात.

मात्र ही नौका मद्याच्या मैफलीसाठी होती. ग्रंथातील दहा यंत्रांचा एक पूर्ण भागच अशा मैफलींच्या पात्रांचा आणि बाहुल्यांचा आहे. अभिमानाचा संदेश पाठवणारे एवढेच गाळतात, आणि गाळलेला इतिहास शेवटी आपल्यालाच फसवतो. मद्य हराम आहे. बनवणाऱ्याचे कसब कितीही थोर असले तरी त्याने हुकूम बदलत नाही. पुतळ्यांचेही तसेच. सजीवांच्या पूर्णाकृती मूर्ती बनवणे बहुसंख्य फुकहांनी नाजायज ठरवले आहे. सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अ.स.) यांच्यासाठी जिन्नांनी प्रतिमा घडवल्याचा उल्लेख आहे खरा, पण त्या शरीअतमध्ये ते जायज होते असे काही मुफस्सिर म्हणतात, तर त्या निर्जीव वस्तूंच्या प्रतिमा होत्या असे इतर. मुलींच्या खेळण्यातील बाहुल्यांना अनेकांनी सवलत दिली आहे. अर्तुकी दरबाराची प्रथा मात्र या चर्चेत दलील म्हणून चालणार नाही.

मग या माणसाकडून घ्यायचे काय? त्याच ग्रंथात पुढे जा. वुजूच्या वेळी नोकराने किंवा दासीने हातावर पाणी घालावे हे राजाला रुचत नसे, म्हणून त्याने यंत्र मागितले. हात धुण्याच्या एका भांड्यात मोराच्या चोचीतून पाणी येते. वापरलेले पाणी खाली साठते, त्यावरचा तरंगा वर चढतो आणि दार उघडून एक बाहुला साबण पुढे करतो, पाणी आणखी वाढले की दुसरा रुमाल. फस्दसाठी, म्हणजे शीर उघडून रक्त काढताना, किती रक्त निघाले ते बाहुल्याच्या लेखणीने दाखवणारी पात्रे आहेत. पाणी उपसण्याच्या एका यंत्रात तर मोठी गंमत आहे. वर लाकडी बैल गोल फिरतो आणि बघणाऱ्याला वाटते तोच रहाट ओढतो आहे. खरे काम जमिनीखाली लपलेले पाणचक्र करते, बैल नुसता शोभेचा. या भागाच्या अखेरीस शोभेचे काहीच उरत नाही. नदीच्या प्रवाहाने फिरणारे चाक, समोरासमोर दोन नळकांडी; एका बाजूचा दट्ट्या पाणी आत ओढतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा ते वर ढकलतो. पुढच्या काळातील पंपांच्या पूर्वजांत इतिहासकार या यंत्राला मानाचे स्थान देतात. मैफलीत ते कोणी ठेवले नसते. माझ्या मते नाफे हा शब्द सर्वांत अधिक शोभतो तो यालाच.

आणखी एक गोष्ट. त्यांनी काहीही लपवले नाही. भोक नेमके किती हवे ते पाणी मोजून कसे ठरवावे, झडप बसावी म्हणून कुरुंदाच्या भुकटीने कशी घासावी, चाकाचा तोल कसा साधावा, आधी कागदाचा नमुना कसा करावा, हे सारे त्यांनी लिहिले. चित्रातील प्रत्येक भागाला अक्षर दिले. कृतीने पडताळून न पाहिलेल्या ज्ञानावर त्यांचा भरवसा नव्हता. आपल्या गिरण्यांतील जॉबर आणि मिस्त्री यांची विद्या हातातच राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ती कागदावर न येताच बरीचशी गेली. मदनपुऱ्यातल्या कित्येक मोमीन घरांनीही हे पाहिले आहे.

अल-जझरींच्या ग्रंथाची १२०६ मध्येच नकललेली एक प्रत इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात आहे. १९७६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये कारागिरांनी या ग्रंथातील वर्णनावरून ते अकरा फुटी घड्याळ पुन्हा उभे केले, आणि ते चालले.