डेनिस रिची : त्रुटींचा रकाना

डेबियन किंवा उबुंटूवर चालणाऱ्या संगणकात नवे सॉफ्टवेअर बसवायचे असेल, तर अनेक अभियंते आजही काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकतात. तिचे नाव अ‍ॅप्ट-गेट. या आज्ञेपुढे आखूड रेघ देऊन 'वाय' हे अक्षर लिहिले, तर प्रत्येक प्रश्नाला वापरणाऱ्याची संमती आहे असे धरून काम पुढे सरकते. त्याच जागी 'एस' लिहिले, तर संगणकात काडीचाही बदल होत नाही. बदल केले असते तर काय झाले असते, एवढेच दिसते. एका अक्षराच्या फरकाने चालू यंत्रणा कोलमडू शकते किंवा वाचू शकते. म्हणून जाणता माणूस आधी 'मॅन' ही दुसरी आज्ञा देऊन माहितीचे पान उघडतो. आज्ञेचे नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित फाइली, आणखी काय पाहावे, चुकीचे संदेश कसे ओळखावेत आणि अखेरीस ज्ञात त्रुटी, असा त्या पानाचा क्रम असतो. पर्यायांसाठी पुढे स्वतंत्र मथळा आला, एरवी हाच क्रम ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या एका पुस्तिकेत आहे. ती पुस्तिका ज्या दोघांनी लिहिली, त्यांपैकी एक डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची.

सी या संगणकभाषेचे जनक आणि युनिक्स या कार्यप्रणालीच्या दोन प्रमुख शिल्पकारांपैकी एक, अशी रिची यांची ओळख जगाला आहे आणि ती योग्यच आहे. मात्र त्यांनी संगणकाविषयी कसे लिहावे याचा जो वळसा घालून दिला, त्याची चर्चा फारशी होत नाही. प्रणाली बांधणाऱ्याने तिचा हिशेबही वापरणाऱ्यापुढे मांडावा, आणि त्या हिशेबात उणे बाजू लपवू नये, हा तो वळसा होता.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्कजवळील ब्राँक्सव्हिल येथे झाला. बालपण न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी गेले. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅबोरेटरीजमधील शास्त्रज्ञ. दूरध्वनीच्या जोडणीत लागणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवर त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये लिहिलेला ग्रंथ त्या क्षेत्रात प्रमाण मानला गेला. तांत्रिक विषय नेमकेपणाने लिहिण्याचा वारसा असा घरातच होता. डेनिस हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले. तेथील युनिव्हॅक संगणक कसा चालतो यावरचे एक व्याख्यान त्यांनी ऐकले आणि त्यांचे मन त्या यंत्राकडे वळले ते कायमचे. पदवीनंतर उपयोजित गणितात त्यांनी संशोधन सुरू केले. आज्ञावलीची रचना आणि तिला लागणारे गणनश्रम यांच्या संबंधावरचा त्यांचा प्रबंध १९६८ मध्ये लिहून पूर्ण झाला.

पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची बांधणी केलेली प्रत जमा करणे नियमाने आवश्यक होते, आणि रिची यांनी ती जमा केली नाही. बांधणीचा खर्च आपण का सोसावा असा त्यांचा हट्ट होता, अशी आठवण त्यांच्या एका सहाध्यायाने पुढे सांगितली. एक प्रत जमा केली असती तर डॉक्टरेट पदरात पडली असती. ज्यांच्या पुस्तिकांची पाने पुढे जगभरच्या संगणकांत नांदायची होती, त्यांनी स्वतःच्या प्रबंधाला पुठ्ठा घातला नाही, हा योगायोग गमतीचा खरा. पण संस्थेच्या शिक्क्याविषयी या माणसाला किती अलिप्तता होती, तेही त्यातून दिसते.

१९६७ मध्येच ते न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीजमध्ये दाखल झाले होते. संस्था त्या वेळी एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासह मल्टिक्स नावाच्या एका महाकाय प्रणालीवर काम करत होती. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करावे, अशी ती कल्पना. काम रेंगाळले, खर्च फुगला, आणि १९६९ मध्ये बेलने अंग काढून घेतले. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांना मात्र अशा सामाईक संगणकाची चटक लागली होती. थॉम्पसन यांनी कोपऱ्यात पडलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर नव्या प्रणालीचा पाया घातला, आणि रिची त्यात सामील झाले. हेच युनिक्स.

मोठे यंत्र हवे तर व्यवस्थापनाला पटेल असे कारण हवे होते. ते सापडले दस्तऐवजांच्या रूपाने. कार्यालयातील मजकूर तयार करण्याची व्यवस्था उभारून देऊ, असे सांगून पीडीपी-११ हे यंत्र मिळवण्यात आले, आणि संस्थेचा पेटंट विभाग युनिक्सचा पहिला खराखुरा ग्राहक ठरला. यंत्राची मुख्य स्मृती अवघी २४ किलोबाइट, तबकडी ५१२ किलोबाइटची. तेवढ्यावर पेटंटचे अर्ज टंकणारे तीन टंकलेखक काम करत आणि उरलेल्या जागेत प्रणालीचा विकासही चाले. युनिक्स लेखनकामाच्या आधारावरच तगले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता प्रयोगशाळेबाहेरची माणसे प्रणाली वापरू लागली होती. विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांनी पुस्तिकेचा आग्रह धरला, आणि नुसत्या टिपणांवर समाधान न मानता लेखनाचा दर्जा उंच ठेवण्याकडे लक्ष पुरवले. रिची आणि थॉम्पसन लिहायला बसले. ज्या संपादकात ते आज्ञावली लिहीत, त्याच संपादकात पुस्तिकेचा मजकूर तयार झाला, आणि त्याची मांडणी करण्याचे काम युनिक्सच्याच रॉफ नावाच्या आज्ञेने केले.

या पुस्तिकेचे सात विभाग होते. पहिला आज्ञांचा, दुसरा प्रणालीकडे करायच्या विनंत्यांचा, तिसरा तयार उपकार्यक्रमांचा, चौथा उपकरणांच्या विशेष फाइलींचा, पाचवा फाइलींच्या स्वरूपाचा, सहावा वापरणाऱ्यांनी सांभाळलेल्या आज्ञावलींचा, आणि सातवा संकीर्ण. पानांची आखणी सर्वत्र एकसारखी. निर्देशिकेतील फाइलींची यादी देणाऱ्या एलएस या आज्ञेचे पान पाहावे. आधी एका ओळीत काम काय ते सांगितले आहे, मग वापराचा नमुना, आणि त्याखाली एकेका अक्षराचे पर्याय : 'एल' दिले तर यादी तपशीलवार, 'टी' दिले तर बदलाच्या वेळेनुसार, 'ए' दिले तर एरवी दडून राहणारी नावेही, 'एस' दिले तर प्रत्येक फाइलीचा आकार. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप. ते सेकंदाला दहा-पंधरा अक्षरांच्या पलीकडे जात नसे, आणि कळा दाबायलाही जोर लागे. म्हणून आज्ञांची नावे दोन अक्षरी आणि पर्याय एकाक्षरी. आखूडपणाची किंमत अर्थातच स्मरणशक्तीला मोजावी लागे. एलएसमध्ये 'एस' म्हणजे आकार, तर अ‍ॅप्ट-गेटमध्ये 'एस' म्हणजे रंगीत तालीम. अक्षरावरून अर्थ ओळखता येत नाही; तो कोणीतरी लिहून ठेवावा लागतो. अक्षरे जितकी कमी, तितकी पुस्तिकेवरची भिस्त जास्त.

त्रुटींचा रकाना हा या पानांचा सर्वांत धीट भाग. आपल्या वस्तूत काय बिघडलेले आहे, कोणत्या प्रसंगी ती दगा देते, हे निर्मात्यानेच छापील पानावर लिहायचे. त्या खालोखाल मालकाचे नाव, म्हणजे तक्रार कोणाकडे न्यायची तेही उघड. बहुतेक पानांवर थॉम्पसन किंवा रिची यांची लघुनावे. विक्रीखात्याच्या हाती असती तर ही दोन सदरे पहिल्याच दिवशी गळाली असती. येथे विक्रीखातेच नव्हते. या सवयीचा आणखी एक लाभ झाला. एखाद्या आज्ञेचे वर्णन करताना वाक्य अवघडू लागले, अपवादांवर अपवाद द्यावे लागले, की दोष लेखनात नसून आज्ञेत आहे हे लक्षात येई. मग वाक्याऐवजी आज्ञाच सुधारली जाई. पुस्तिका अशी प्रणालीची परीक्षक बनली.

दुसरी आवृत्ती जून १९७२ मध्ये निघाली तेव्हा युनिक्स जेमतेम दहा ठिकाणी चालू होते. त्यानंतर वाढ झपाट्याने झाली, आणि तिला एक कायदेशीर कारण होते. बेलची मातृसंस्था एटी अँड टी हिला १९५६ च्या न्यायालयीन समझोत्यामुळे दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरता येत नव्हते. युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात दिले जाई. मात्र देखभाल नाही, दुरुस्तीची हमी नाही, फोनवर मदत नाही. फीत पाठवली की संबंध संपला. बर्कलीतील किंवा सिडनीतील विद्यार्थ्याला रात्री दोन वाजता अडचण आली, तर त्याच्या हाताशी उगम-आज्ञावली होती आणि ती पुस्तिका होती. तिच्यातले एखादे चुकीचे वाक्य म्हणजे कोणाची तरी वाया गेलेली रात्र.

दरम्यान रिची यांनी थॉम्पसन यांच्या बी या भाषेवर संस्कार करत सी ही भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला, आणि प्रणाली एका विशिष्ट यंत्राच्या बंधनातून सुटण्याचा मार्ग खुला झाला. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनी लिहिलेले सीवरचे पुस्तक आले. अभ्यासक्रमासारखी पहिली प्रकरणे मुख्यतः कर्निघन यांची. शेवटी जोडलेली भाषेची संदर्भपुस्तिका रिची यांची. ती रूक्ष आहे, दाट आहे, आणि तिच्यात शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. अधिकृत मानक १९८९ मध्ये येईपर्यंत भाषांतरक लिहिणाऱ्यांनी हीच संदर्भपुस्तिका प्रमाण धरली. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी हे पुस्तक वाचले, त्यातल्या पुष्कळांनी छायाप्रतींवर.

मानक ठरवणाऱ्या समितीने १९८८ च्या सुमारास 'नोएलियस' नावाचा एक नवा शब्द भाषेत घालायचे ठरवले, तेव्हा एरवी वादात न पडणारे रिची खवळले. त्या शब्दाची व्याख्या सुसंगत रीतीने लिहिताच येत नाही, हे त्यांनी समितीला कठोर भाषेत कळवले. शब्द गळाला.

स्वतःच्या चुकांविषयी त्यांची वृत्ती वेगळी नव्हती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यात एका अवघड जागी, वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची एक टीप होती. ती पुढे दंतकथा झाली आणि उर्मटपणाचा नमुना म्हणूनही सांगितली गेली. रिची यांनी नंतर खुलासा केला : परीक्षेत हा भाग विचारला जाणार नाही, अशा मायेने ते लिहिले होते, आणि खरी अडचण अशी की तिथे काय चालले आहे ते त्या वेळी आम्हालाही पुरते उमगले नव्हते. ती मांडणी चुकीचीच होती, हेही त्यांनी मान्य केले. १९९४ मध्ये युनिक्सची यथेच्छ टवाळी करणारे एक पुस्तक निघाले, तेव्हा त्याला उलट-प्रस्तावना लिहून देण्याइतकी खिलाडू वृत्ती त्यांच्यापाशी होती.

मानसन्मान आले. थॉम्पसन यांच्यासह १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक, १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, २०११ चे जपान पारितोषिक. रिची अबोल, अविवाहित, दुपारी कामाला येऊन रात्री उशिरापर्यंत जागणारे. जुन्या पुस्तिका, सीच्या आरंभीच्या भाषांतरकांची आज्ञावली, पूर्वीची टिपणे हे सारे ते सांभाळून ठेवत आणि महाजालावर सर्वांसाठी मांडत. १९७१ ची पहिली पुस्तिका आज वाचता येते, ती त्यांच्या या जतनामुळेही. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. कर्करोग आणि हृदयविकारावरील उपचारांनंतर प्रकृती खालावत गेली होती. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वी स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि वृत्तपत्रांची पाने त्यांच्या छायाचित्रांनी भरलेली होती. रिची यांच्या वाट्याला त्या मानाने चार ओळी आल्या. अ‍ॅपलच्या संगणकांची प्रणाली युनिक्सच्याच कुळातली, हे त्या गदारोळात थोड्यांनीच नोंदवले.

हार्वर्डच्या ग्रंथालयात न पोहोचलेला प्रबंध कुटुंबीयांकडे सापडला, आणि कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०२० मध्ये तो सर्वांसाठी खुला केला.

सॉफ्टवेअरच्या पॅकेजांचे युग १९९० च्या दशकात आले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने आपल्या नियमावलीत प्रत्येक आज्ञावलीसोबत माहितीचे पान असावे अशी अपेक्षा नोंदवली, आणि पान नसणे हीच त्रुटी मानली. अ‍ॅप्टचे वर्तन ठरवणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलीचे पान आजही पाचव्या विभागात आहे, कारण फाइलींच्या स्वरूपाला १९७१ मध्ये पाचवा क्रमांक मिळाला होता. अ‍ॅप्ट-गेटच्या पानावर निदानाच्या सदरात एकच माहिती आहे : काम सुरळीत झाले तर शून्य, चूक झाली तर शंभर. त्याखाली त्रुटींचे सदर.

नोव्हेंबर २०११ मध्ये आलेली फेडोरा लिनक्सची सोळावी आवृत्ती आणि जानेवारी २०१२ मधील फ्रीबीएसडीची नववी आवृत्ती या दोन्ही त्यांच्या निर्मात्यांनी डेनिस रिची यांच्या स्मृतीस अर्पण केल्या. दोन्हींत एलएसचे पान पहिल्याच विभागात होते.