पगार ४५० रुपये, तरी घर दोन खोल्यांचं: रमाईंनी काटकसर कशासाठी केली?

पगार वाढला की खर्चही वाढतो, हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं गणित. रमाबाई आंबेडकरांच्या घरात मात्र ते उलटं होतं.

दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाईंचं १९०६ मध्ये भीमरावांशी लग्न झालं. १९१३ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले आणि घरची ओढाताण रमाईंच्या वाट्याला आली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ४५० रुपये पगार, त्या काळात मोठाच. तरी कुटुंब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. कारण लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं होतं. रमाईंनी ठरलेल्या रकमेत घर भागवलं, बाकीचे पैसे शिल्लक पडले. त्यात मित्राकडून घेतलेल्या कर्जाची आणि शाहू महाराजांच्या मदतीची भर पडली आणि १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. ते परदेशात असताना रमाईंनी गोवऱ्या थापून, विकून चूल पेटती ठेवली.

त्या दिवसांची किंमत मोठी होती. पाच मुलांपैकी चार दगावली, एकटे यशवंत वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केलं. हालअपेष्टांत त्यांनी दिलेल्या साथीची ती नोंद होती.