बहिणाबाईंच्या नावाचे रान

जळगावजवळ गिरणेकाठी एक विद्यापीठ आहे आणि शाळेची पायरीही न चढलेल्या एका शेतकरी बाईचे नाव त्याला आहे. १९९० साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले; जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, माहेर असोद्याच्या महाजनांचे. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी आल्या. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी ओंकार, सोपानदेव आणि काशी अशी तीन मुले होती. शेती करता करता, जात्यावर दळता दळता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. लिहिता येत नव्हते. ती उतरवून घेतली घरच्यांनी. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुढच्याच वर्षी सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली.

बँकेत असताना मी शेतीकर्जाचे अर्ज तपासत असे. त्यांत विहिरीला, बैलजोडीला, पिकाला रकाने असत. बांधावरच्या बाभळीला नसे. बहिणाबाईंच्या हिशेबात मात्र झाडे, पाखरे, माती या सगळ्यांना जागा होती. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे घरोघरी पाठ आहे. खोपा विणतो तो नर, हे शास्त्र सांगते. पण त्याला गवताची लांब पाती लागतात, आणि खोपा टांगायला बहुधा पाण्यावर झुकलेली काटेरी फांदी. गवत कापून शोभेच्या झाडांच्या रांगा लावल्या, तर खोपा राहील फक्त पुस्तकात.

म्हणून विद्यापीठाच्या रानाचा कारभार मला महत्त्वाचा वाटतो. एकेकाळच्या उजाड टेकड्यांवर तिथे झाडे लावली गेली. लावण्यापेक्षा सांभाळणे अवघड. अशा जागेचा एक भाग माणसाविना सोडावा. तिथे गवत, बाभूळ, अंजन, पळस आपापल्या चालीने वाढू द्यावेत. दुसऱ्या भागात विद्यार्थ्यांनी दरवर्षी त्याच झाडांचे घेर मोजावेत, चरांत पाणी किती मुरले ते नोंदवावे. तिसरा भाग फिरायला येणाऱ्या कुटुंबांचा; पण पायवाट ठरलेली. खानदेशचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. वाळलेल्या गवतात एक विडी पडली, तरी वर्षांची मेहनत जाते. तेव्हा फाल्गुनाआधीच जाळरेषा काढायला हव्यात.

रक्षण, अभ्यास आणि विरंगुळा यांचे भांडण लागलेच, तर मी पहिला मान रक्षणाला देईन. रान उरले तरच बाकीच्या दोन गोष्टींना जागा मिळेल. बहिणाबाईंनी शेताच्या बांधावर उभे राहून पाखरे निरखली. त्यांच्या नावाच्या आवारात शिकणाऱ्या मुलांनाही खोपा पुस्तकाआधी फांदीवर दिसावा, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.