सागरवाटेने आलेले आपले पुराणिक : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या प्रवरेच्या पट्ट्यातली मुले आता कुठे कुठे जातात! कुणी जहाजावर नोकरीला, कुणी आखातात. मुलगा पहिल्यांदा परदेशी निघाला की आई त्याच्या बॅगेत चटणीच्या पुडीबरोबर जपमाळ ठेवते आणि फोन येईपर्यंत तिच्या जिवाला चैन नसते. या रविवारी आम्ही अशाच एका पहिल्या समुद्रप्रवासाची हकीकत सांगणार आहोत. मात्र हा तरुण आपल्याकडून तिकडे गेला नाही, तिकडून आपल्याकडे आला.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक मिस्सा हा कायद्याने गुन्हा होता. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत, श्रद्धावान मित्राच्या सोबत स्टीफन्स त्याचा नोकर म्हणून वेश पालटून हिंडत आणि लपूनछपून श्रद्धा जपत. दोघांनी रोमला जाऊन येशू संघात दाखल व्हायचे ठरवले, पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला. त्याची पुढची सुमारे तीस वर्षे या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशू संघात दाखल झाले. मित्र कोठडीत आणि आपण मोकळे, हा विचार त्यांच्या मनाला किती टोचला असेल!

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे गोव्याकडे निघाली. तोफा आणि कर्णे वाजत होते. एका जहाजावर सुमारे तीस वर्षांचे स्टीफन्स होते. ते खलाशी नव्हते आणि नौदलाचे अधिकारीही नव्हते, पण गोव्याला पोहोचल्यावर वडिलांना त्यांनी जे लांबलचक पत्र लिहिले ते वाचून एखाद्या मुरलेल्या दर्यावर्दीने ते लिहिले असावे असे वाटते. वारे, प्रवाह, होकायंत्राची सुई कुठे किती ढळते, कोणते पक्षी आणि मासे कुठे दिसतात, सारे त्यात आहे. उत्तर-दक्षिण अंतर सूर्याच्या उंचीवरून कळते, पण पूर्व-पश्चिम आपण किती आलो हे सांगणारी खात्रीची खूण समुद्रावर नसते, ही अडचणही त्यांनी नेमकी टिपली आहे.

आठवडाभरातच मदेरा बेटांजवळ एका जहाजाने त्यांच्यावर गोळे डागले. ते जहाज इंग्रजांचे निघाले! पोर्तुगीजांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते निघून गेले. इतके देखणे जहाज अशा लुटारू धंद्याला लागलेले पाहून स्टीफन्सना वाईट वाटले. स्वदेशाचे त्यांना झालेले हे अखेरचे दर्शन म्हणायचे.

पुढे गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि असह्य उकाड्यात जहाजे रेंगाळली. जुलैच्या अखेरीस केप ऑफ गुड होप आले. तिथे वादळ लागले नाही, पण लाटा मोठ्या होत्या. पण त्यानंतर, सुयांचे भूशिर म्हणतात त्या ठिकाणी, जहाज खडकाळ किनाऱ्याच्या अगदी जवळ ओढले गेले. खाली पाणी उथळ होते. सगळ्यांनी मरणाची तयारी केली. एवढ्यात वारा फिरला आणि जहाज सुटले.

उशीर झाल्यामुळे मोझांबिकला थांबता आले नाही. मादागास्करच्या बाहेरून जावे लागले, म्हणजे ताजे पाणी नाही आणि ताजे अन्नही नाही. मग आजार पसरला. हिरड्या सुजून वाढत, पाय सुजत, अंग दुखून बधिर होई. क जीवनसत्त्वाच्या अभावी हे होते हे आज शाळेतले मूलही सांगेल, तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हते. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. इतर वर्षांच्या मानाने हे थोडेच, असे लोक म्हणत! स्टीफन्स मात्र सर्वांच्या अंदाजाविरुद्ध धडधाकट राहिले. हिंदुस्थान जवळ आला असे वाटले, तेव्हा प्रवाहाने जहाज सोकोत्रा बेटाकडे नेलेले निघाले. अखेर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. साडेसहा महिने लागले होते.

गोव्यात त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली आणि साष्टीत त्यांचे उरलेले बहुतेक आयुष्य गेले. १५८३ साली कुंकळ्ळी येथे फादर रूदोल्फ आक्वाविवा आणि त्यांच्या सोबत्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे देह परत आणण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्या गावाची देवळे पोर्तुगीजांनी आधी पाडली होती आणि लोक त्यामुळे पेटले होते, हेही आपण विसरू नये. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार असे इंग्रज व्यापारी कैद होऊन गोव्यात आले. ज्या देशात आपल्या धर्माला थारा नव्हता त्या देशाचेच हे लोक, पण स्टीफन्सनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. आम्हाला त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

आणि आपली भाषा! नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणे सुटली होती, पण त्यांच्या जागी गायला काहीच नव्हते. कीर्तन आणि ओव्यांवर वाढलेल्या माणसाला ही पोकळी काय असते हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. स्टीफन्सनी मराठी ओवीत, दोन भागांत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. साष्टीच्या चर्चमध्ये ते वाचले-गायले जाई. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते १६४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

ते छापलेले पाहायला स्टीफन्स नव्हते. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. चाळीस वर्षांत ते एकदाही घरी गेले नाहीत. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत आले. तेव्हापासून आपल्यासारख्या देशावरच्या ख्रिस्ती माणसालाही ते आपल्या लिपीत उघडून वाचता येते.