चार्लस डार्विन यांची दिनचर्या

वेळापत्रक हा शब्द ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. नियमानें बांधलेला दिवस म्हणजे बुद्धीला घातलेली बेडी, थोर लोक लहर लागेल तेव्हां काम करितात, असा त्यांचा समज असतो. आणि परीक्षा जवळ आली म्हणजे हीच मंडळी रात्रभर दिवा जाळीत बसलेली आम्हांस दिसतात. म्हणून ज्यांनीं चाळीस वर्षें एकाच घरांत घड्याळाप्रमाणें राहून जगाचे विचार पालटले, अशा एका गृहस्थांचें चरित्र आम्ही आज सांगण्याचें योजिलें आहे.

चार्लस डार्विन यांचा जन्म इंग्लंडांत श्रूझबरी येथें १८०९ सालीं झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलालाही तीच विद्या यावी म्हणून त्यांनीं त्याला एडिंबरो येथें पाठविलें. पण शस्त्रक्रिया पाहून तो तेथून पळाला. मग धर्मोपदेशक व्हावें म्हणून केंब्रिजला पाठविलें, तर तेथें भुंगेरे गोळा करण्यांत त्याचा वेळ जाऊं लागला. या काळची एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत गायन ऐकतांना या तरुणाच्या अंगावर रोमांच उभे राहत. इतके कीं, कधीं कधीं तो तेथल्या गाणाऱ्या मुलांस पैसे देऊन आपल्या खोलींत गावयास बोलावी. पुढें १८३१ ते १८३६ पर्यंत 'बीगल' गलबतावरून त्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां किनाऱ्यावरील भटकंतींत एकच पुस्तक बरोबर नेणें शक्य असलें, तर ते मिल्टनचें महाकाव्य नेत.

परत आल्यावर १८३९ सालीं मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु प्रवासांत घोड्यावरून रानोमाळ हिंडणारा हा मनुष्य लंडनमध्यें वारंवार आजारी पडूं लागला. ओकाऱ्या, छातींत धडधड, डोकेदुखी. रोग कोणता याविषयीं वैद्यांत अद्यापि एकमत नाहीं. पाहुण्यांशीं थोडा वेळ अधिक बोलणें झालें तरी रात्रीची झोप जाई. शेवटीं १८४२ सालीं तें कुटुंब केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत राहावयास गेलें, आणि तेथें डार्विन यांनीं आपल्या दुबळ्या शरीराला झेपेल असा दिवस आंखला.

तो दिवस असा. पहांटे उठून थोडें फिरणें. पावणेआठाच्या सुमारास न्याहारी. आठ ते साडेनऊ हा त्यांचा उत्तम वेळ, म्हणून सर्वांत कठीण काम तेव्हां. नंतर तासभर कोचावर पडून आलेलीं पत्रें किंवा एखादी कादंबरी ऐकणें. वाचणाऱ्या बहुधा एमाबाई. साडेदहा ते बारा पुन्हां काम. बारा वाजले म्हणजे आपलें दिवसाचें काम चांगलें झालें असें समाधानानें म्हणून ते ऊन असो, पाऊस असो, कुत्र्याला घेऊन बाहेर पडत. दुपारीं जेवण, वर्तमानपत्र, पत्रोत्तरें. तीन वाजतां विश्रांति व पुन्हां कादंबरी. चार वाजतां फिरणें. मग तासभर काम. हिशेब केला तर सारें काम चार तासांचें भरतें! इतक्या तासांत त्यांनीं आठ वर्षें बार्नॅकल नांवाच्या, खडकांस चिकटून राहणाऱ्या क्षुद्र जलचरांचा अभ्यास पुरा केला आणि १८५९ सालीं प्राण्यांच्या जातींच्या उत्पत्तीवरील आपला जगप्रसिद्ध ग्रंथ छापिला. त्या ग्रंथावर माजलेल्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.

फिरण्यासाठीं त्यांनीं शेजारची एक अरुंद जमीन घेऊन तिच्यावर झाडें लाविलीं व भोंवतीं वाळूची पायवाट केली. वाटेच्या आरंभीं ते गारगोट्यांची लहानशी रास ठेवीत व प्रत्येक फेरीस एक गारगोटी पायानें बाजूस सारीत. म्हणजे विचारांत गुंतलेल्या मनाला फेऱ्या मोजण्याचा त्रास नको. तपकिरीची सवय मात्र विद्यार्थिदशेंत लागली ती सुटेना. तेव्हां त्यांनीं बरणी खोलींत न ठेवतां बाहेरच्या दिवाणखान्यांत ठेविली, कीं उठून जाण्याच्या आळसानें तरी चिमूट कमी व्हावी. रात्रीं एमाबाईंबरोबर बॅकगॅमनचे, म्हणजे सोंगट्यांच्या एका खेळाचे, दोन डाव ठरलेले. त्यांचीही नोंद असे. १८७६ पर्यंत पतीचे विजय २७९५ व पत्नीचे २४९० झाले होते.

हा क्रम दगडावर कोरलेला नव्हता. १८४९ सालीं प्रकृति फारच ढासळली तेव्हां डार्विन सहकुटुंब मालव्हर्न येथें जलोपचारासाठीं गेले, वैद्याच्या सांगण्यावरून कामाचे तास त्यांनीं आणखी कमी केले, आणि घरीं परतल्यावर थंड पाण्याच्या धारेखालीं बसण्यासाठीं बागेंत खोपटें बांधविलें. त्याच मालव्हर्नला १८५१ सालीं त्यांची दहा वर्षांची कन्या ॲनी वारली. एमाबाईंचा प्रसूतिकाल जवळ आल्यामुळें त्या घरीं होत्या. मुलीच्या उशाशीं बाप होता. घरीं येऊन त्यांनीं पुन्हां तेंच सूक्ष्मदर्शक यंत्र पुढें ओढलें. अशा वेळीं ठरलेला तास मनुष्याला कसा हात देतो हें, ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे, त्यांस सांगावयास नको.

पण या दिनचर्येंत एक उणीव राहिली, आणि ती दाखविणारे स्वतः डार्विनच. सदुसष्टाव्या वर्षीं मुलांसाठीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यांनीं कबूल केलें आहे कीं, आतां आपल्याला कवितेची ओळही वाचवत नाहीं, शेक्सपिअर नकोसा होतो, चित्रांची व गायनाची गोडीही बहुतेक गेली आहे. आपलें मन वस्तुस्थितींतून नियम दळून काढणारें यंत्र झालें आहे. पुन्हां जन्म मिळता तर आठवड्यांतून एकदां तरी कांहीं काव्य वाचण्याचा व संगीत ऐकण्याचा नियम आपण केला असता. एमाबाईंचा पियानो रोज रात्रीं वाजत होता, कादंबऱ्या दिवसांतून अनेकदां वाचल्या जात होत्या. पण हें सारें थकल्या जीवाला विसांवा म्हणून. मिल्टनसाठीं त्या दिवसांत घटका नव्हती. आमच्या शाळेच्या वेळापत्रकाकडे पाहिलें म्हणजे ही कबुली आम्हांला आठवते. गायनाचा तास परीक्षेच्या तयारीसाठीं घेणारे आम्हीच!

अखेरच्या वर्षांत त्यांना गांडुळांचा नाद लागला होता. कुंड्यांत पाळलेल्या गांडुळांस ऐकूं येतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांच्याजवळ बासून नांवाचें सुषिरवाद्य वाजविलें, पियानोही वाजविला. गांडुळांनीं लक्ष दिलें नाहीं. कुंडी पियानोवरच ठेविली तेव्हां मात्र सुरांच्या कंपानें तीं बिळांत शिरलीं. १८८१ सालीं निघालेलें हें पुस्तक हातोहात खपलें.

१८८२ च्या मार्चमध्यें फिरावयास गेले असतां त्यांच्या छातींत कळ आली व ते कसेबसे घरीं पोहोंचले. वाळूच्या पायवाटेवर ते पुन्हां जाऊं शकले नाहींत. १९ एप्रिल रोजीं त्यांचें देहावसान झालें.