एक मेकॅनिकलवाला आणि स्क्रीनवरची अक्षरं

'मेकॅनिकलवाल्यांचा कॉम्प्युटरशी संबंध काय?' हा वाद होस्टेलवर मेसपासून गच्चीपर्यंत कुठेही रंगतो. माझ्याकडे त्यावर एकच उत्तर आहे : प्येर बेझिए.

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसचा. वडील आणि आजोबा दोघंही इंजिनियर. १९३० मध्ये मेकॅनिकलची आणि १९३१ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन १९३३ मध्ये ते रेनॉ मोटार कंपनीत लागले. कामाची सुरुवात कशाने? टूल सेटर म्हणून! पुढे ते टूल डिझाइनचे प्रमुख झाले. रेनॉच्या '४ सीव्ही' गाडीचे सुटे भाग बनवणारी ट्रान्सफर लाइन बहुतांशी त्यांचीच.

त्या काळी गाडीच्या बॉडीचा आकार ड्रॉइंग, टेम्प्लेट आणि मॉडेलमध्ये असायचा, आणि तिघांचं एकमेकांशी जुळायचं नाही. मग खरं कोणाचं? बेझिएंचं म्हणणं असं, की आकार आकड्यांतच साठवावा, म्हणजे भांडणच मिटेल. १९६० च्या सुमारास, पन्नाशीला टेकल्यावर, त्यांनी 'युनिसर्फ' या सिस्टिमचं काम सुरू केलं. वक्ररेषा चार बिंदूंवरून ठरते : दोन टोकांचे, आणि मधले दोन तिला आपल्याकडे ओढणारे. बिंदू हलवला की रेषा वळते, बस्स. ही पद्धत कारखान्यात पूर्ण रुळायला मात्र बरीच वर्षं गेली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ मध्येच हे गणित मांडलं होतं; पण कंपनीने ते गुपित ठेवलं. बेझिएंनी आपलं काम छापलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. मला वाटतं, प्रोजेक्ट कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता ही मोटारीची रेषा अक्षरात कशी आली? १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने अक्षरांच्या कडा याच वक्रांनी लिहिल्या. १९९१ च्या ट्रूटाइपने त्याचा तीन बिंदूंचा धाकटा भाऊ घेतला. पण वक्र काढून आत रंग भरायला वेळ लागतो. समजा, कोड एडिटरमध्ये ५० ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं. म्हणजे स्क्रीनभर ४००० अक्षरं, आणि स्क्रोल केलं की पुन्हा तेच! युक्ती अशी, की इंग्रजी कोडची छापता येणारी चिन्हं ९५ च. प्रत्येकाचा वक्र एकदाच काढायचा, त्याचा ठसा मेमरीत ठेवायचा आणि पुढे नुसता उमटवायचा. ठशात रंग साठवायचाच नाही. कुठल्या पिक्सेलचा किती भाग झाकला, एवढंच ठेवायचं. मग तोच ठसा कीवर्डला निळा आणि कॉमेंटला हिरवा चालतो. ठळक अक्षराला मात्र वेगळा ठसा लागतो. शिवाय बदललेल्या ओळीच पुन्हा काढल्या, की एडिटर पळतो.

बेझिए १९७५ मध्ये रेनॉतून निवृत्त झाले आणि १९७७ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर, त्यांनी गणितात डॉक्टरेट घेतली. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी ते गेले. शॉप फ्लोअरवर पत्र्याचा आकार नीट यावा म्हणून केलेलं त्यांचं काम आज आपण सबमिशनचा कोड टाइप करताना अक्षराअक्षरात वापरतो. ब्रँच कुठली का असेना, समोरचा प्रश्न मुळापर्यंत सोडवला की तो कुठे कामाला येईल, सांगता येत नाही.